दारोदारची मोहीम : पोलिओचा पाडाव आणि रोटरीचे स्वयंसेवक

सन १९७९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस, फिलिपाईन्सची राजधानी मनिला हिला लागून असलेल्या मकाती शहरात, ग्वादालुपे व्हिएहो नावाच्या वस्तीत, जेम्स बोमार या अमेरिकन गृहस्थांनी एका लहान मुलाच्या तोंडात पोलिओ-प्रतिबंधक लसीचे थेंब घातले. बोमार हे वैद्य नव्हते आणि सरकारी अंमलदारही नव्हते. त्या वर्षी ते रोटरी इंटरनॅशनल या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि फिलिपाईन्सच्या सरकारशी पाच वर्षांचा करार करून त्या देशातील सुमारे ६० लक्ष मुलांना लस पुरविण्याची जी जोखीम रोटरीने अंगावर घेतली होती, तिचा तो मुहूर्त होता. या कामासाठी मंजूर झालेली रक्कम ७ लक्ष ६० हजार डॉलर होती. पुढच्या काळात या एका रोगावर जगाने जो पैसा ओतला त्याच्या मानाने ती फारच लहान. परंतु दुकानदार, वकील, लेखापाल, अभियंते अशा आपापल्या धंद्यात गुंतलेल्या माणसांच्या संघाने एका अखंड देशाच्या बालकांची जबाबदारी स्वीकारावी, ही गोष्ट तोवर घडलेली नव्हती. पुढील पस्तीस वर्षांत जी हकीकत घडली, आणि जिच्यातील सर्वांत कठीण प्रकरण आपल्याच देशात लिहिले गेले, तिचा आरंभ येथे आहे.

रोटरीचा जन्म १९०५ सालच्या फेब्रुवारीत, शिकागो शहरी झाला. पॉल हॅरिस हे वकील, आणि त्यांच्यासोबत एक कोळशाचे व्यापारी, एक खाण-अभियंता व एक शिंपीकामाचा व्यावसायिक, असे चौघे जण प्रथम एकत्र आले, ते मोठ्या शहरातील एकाकीपणात स्नेहाचा आधार मिळावा एवढ्याच हेतूने. दर आठवड्यास जमावे, प्रत्येक धंद्यातील प्रतिनिधी सभासद करून घ्यावा, सभेचे इतिवृत्त नीट लिहून ठेवावे, असा त्यांचा शिरस्ता पडला. हिंदुस्थानात कलकत्त्याच्या क्लबास १९२० साली सनद मिळाली आणि मुंबईचा क्लब १९२९ साली स्थापन झाला. या क्लबांचे दानधर्म बहुधा आपल्या गावापुरते असत : इस्पितळास खाटा, शाळेस इमारत, हुशार विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती. जागतिक कार्यासाठी एक निधी असावा ही कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली मांडली, तेव्हा त्या निधीत पडलेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरांची होती. अशा संस्थेच्या अंगी एका रोगाचे उच्चाटन करण्याचे सामर्थ्य असेल, असे तिच्या जुन्या दफ्तरांवरून कोणासही वाटले नसते.

मात्र आठवड्याच्या आठवड्याला न चुकता भरणाऱ्या त्या सभांतून एक गोष्ट घडत गेली होती, आणि माझ्या मते पुढील सर्व यशाचे मूळ तिच्यातच शोधले पाहिजे. गावोगावच्या या मंडळींची एकमेकांशी ओळख होती, गावात त्यांचा शब्द चालत होता, आणि आज ठरलेले काम पुढील आठवड्यास विचारले जाईल ही सवय त्यांच्या अंगवळणी पडली होती. भूकंप आला, महापूर आला, की मदतीचा ओघ सुरू होतो आणि दोन महिन्यांनी आटतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. पोलिओच्या कामास याच्या नेमके उलट असे काही हवे होते. तेच काम, त्याच दारांवर, वर्षानुवर्षे, कंटाळा न करता करणारी माणसे हवी होती, आणि ती या क्लबांपाशी होती.

हाच रोग निवडावा असे रोटरीला का वाटले, त्याचीही हकीकत आहे. १९७८-७९ या वर्षी रोटरीचे अध्यक्षपद ऑस्ट्रेलियातील क्लेम रेनूफ यांच्याकडे होते. व्यवसायाने लेखापाल असलेल्या या गृहस्थांच्या वाचनात देवीच्या निर्मूलनाविषयीचा मजकूर आला. त्या सुमारास देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्यात जमा होता, शेवटचा नैसर्गिक रोगी १९७७ साली सोमालियात सापडला होता. तेव्हा आपल्या संस्थेनेही असा एखादा रोग हाती घ्यावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी सल्ला विचारला जॉन सेव्हर यांना. सेव्हर हे स्वतः रोटरीचे पदाधिकारी आणि अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक. त्यांनी विचारांती पोलिओचे नाव सुचविले, आणि त्यामागील कारण मुख्यतः लसीच्या स्वरूपात होते.

पोलिओवर १९५५ साली जोनास सॉल्क यांनी सिद्ध केलेली लस सुईने टोचावी लागे. तिच्या मागोमाग आल्बर्ट सेबिन यांनी तयार केलेली लस मात्र तोंडावाटे थेंबाथेंबाने देता येत असे. सुई टोचण्यास शिकविलेला हात लागतो, उकळलेले साहित्य लागते, चूक झाल्यास जिवाला अपाय होण्याची भीती असते; थेंब पाजण्याचे काम मात्र शाळामास्तर, किराणा दुकानदार किंवा गृहिणी अर्ध्या दिवसाच्या शिकवणीनंतर निर्धास्तपणे करू शकते. देशातील सर्व मुलांना एकाच दिवशी लस देण्याचे प्रयोग क्यूबात १९६२ साली व ब्राझीलमध्ये १९८० साली यशस्वी झाले होते. मुळात वैद्यकाच्या कक्षेत असलेले काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते या थेंबांमुळे, आणि स्वयंसेवकाला या इतिहासात जागा मिळाली तीही त्यांच्यामुळेच.

सर्व मुलांना एकदम लस देण्याचा अट्टाहास कशासाठी, हेही येथे सांगणे अवश्य आहे. पोलिओचा विषाणू मैल्यातून व दूषित पाण्यातून पसरतो, आणि ज्यांच्या पोटात तो शिरतो अशा साधारण दोनशे मुलांपैकी एखाद्याच मुलाचे हातपाय लुळे पडतात. उरलेली मुले वरून निरोगी दिसत असतात व रोग मात्र पसरवीत राहतात. म्हणून एका गावात एक मूल पांगळे झाले याचा अर्थ, आसपासच्या शेकडो घरांत तो शत्रू अगोदरच ठाण मांडून बसला आहे, असा होतो. रोग्यापाशी जाऊन रोग थांबविण्याची जी पद्धत देवीच्या बाबतीत चालली, ती येथे चालण्यासारखी नव्हती. पाच वर्षांखालील एकूण एक मूल गाठणे हाच उपाय होता.

१९८५ साली रोटरीने ‘पोलिओप्लस’ या नावाने जागतिक मोहीम जाहीर केली आणि १२ कोटी डॉलर गोळा करण्याचा संकल्प सोडला. त्या वर्षीचे अध्यक्ष मेक्सिकोचे डॉक्टर कार्लोस कानसेको होते. क्लबाक्लबांतून वर्गणी जमली, भोजने झाली, लिलाव झाले, आणि १९८८ पर्यंत ही रक्कम २४ कोटी ७० लक्ष डॉलरांवर, म्हणजे संकल्पाच्या दुपटीहून वर गेली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने पोलिओच्या निर्मूलनाचा ठराव मंजूर केला. तेव्हा १२५ देशांत हा रोग नांदत होता, आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लक्ष मुले त्याच्या तडाख्यात सापडत होती. रोटरी, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र अशी चौघांची भागी झाली. राष्ट्रांच्या सरकारांनी उभारलेल्या संस्थांच्या पंक्तीत एका खासगी सेवासंस्थेस बरोबरीचे पान मांडले जावे, ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती.

अमेरिका खंडात यश लवकर आले. एल साल्वादोर या यादवीने पोळलेल्या देशात १९८५ साली युनिसेफच्या खटपटीने दोन्ही बाजूंनी काही ठराविक दिवस शस्त्रे खाली ठेवली आणि त्या अवधीत मुलांना लस देण्यात आली. पेरू देशात १९९१ साली त्या खंडातील शेवटचा रोगी सापडला, आणि तीन वर्षांनी तो अखंड भूभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा अनेकांस असे वाटले की, सन २००० च्या ठरलेल्या मुदतीत जगाचा हा हिशेब चुकता होईल. या अपेक्षेचा कस लागायचा होता तो भारतात.

भारतात दरवर्षी पोलिओने पांगळी होणारी मुले दोन लक्षांच्या घरात असतील असा जुना अंदाज आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टर टी. जेकब जॉन यांनी फार अगोदर एक अडचण दाखवून दिली होती. उष्ण व दाट वस्तीच्या प्रदेशांत, जेथे मुलांची पोटे नित्य बिघडलेली असतात, तेथे या थेंबांचा गुण थंड देशांइतका येत नाही. तीन मात्रांनी भागत नाही, त्या पुन्हापुन्हा द्याव्या लागतात. यावर तोड म्हणून त्यांनी वेल्लोर गावात ठराविक दिवशी सर्व मुलांना एकदम लस देण्याचा उपक्रम १९८०-९० च्या दशकात केला, त्यास स्थानिक रोटरीचे साहाय्य लाभले आणि गावातून रोग हटला. पुढे २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत, तेथील आरोग्यमंत्री डॉक्टर हर्षवर्धन यांच्या पुढाकाराने, हाच प्रयोग राजधानीच्या आकारमानावर झाला. आणि ९ डिसेंबर १९९५ रोजी पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली. त्या एका दिवसात तीन वर्षांखालील ८ कोटींहून अधिक मुलांनी थेंब घेतले. पुढील वर्षापासून वयाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

‘पोलिओ रविवार’ हा शब्द तेव्हापासून आपल्या घराघरांत रुळला आहे. त्या रविवारचे चित्र जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे. आदल्या दिवशी जिल्ह्याच्या शीतगृहातून लस निघे, तालुक्याच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रावर येई, आणि पहाटे बर्फाच्या पेटीतून बूथवर पोहोचे. प्रत्येक कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असे. लस उन्हाने तापली की चौकोन गडद होत जाई, आणि तो वर्तुळाच्या रंगाइतका झाला की कुपी टाकून द्यायची, हा नियम शिकविलेला असे. ही खूण निघाल्यापासून कमी शिकलेली अंगणवाडी सेविकादेखील लस चांगली की वाईट हे स्वतः ठरवू लागली. बूथ म्हणजे समाजमंदिराची ओसरी, शाळेचा वर्ग, देवळाचा मंडप, नाहीतर वडाच्या पारावर मांडलेले एक टेबल. थेंब पाजून झाले की मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर न पुसणाऱ्या शाईची खूण करीत. रविवार संपला म्हणजे काम संपले असे नाही. पुढील काही दिवस दोघादोघांच्या तुकड्या घरोघर फिरत, दारावर खडूने अक्षर लिहीत. सर्व मुलांना लस मिळाली तर ‘पी’, एखादे मूल राहिले, घराला कुलूप असले किंवा घरच्यांनी नकार दिला तर ‘एक्स’. त्या ‘एक्स’ लिहिलेल्या दारांवर पुन्हा जाणे, आणि पुन्हा, हाच या मोहिमेचा खरा कणा होता.

या सर्व व्यवस्थेत रोटरीच्या मंडळींचे काम कोणते? सरकारी तरतुदीत जे बसत नाही, ते सर्व. आपल्या मोटारी लस नेण्यास देणे, बूथवरील माणसांच्या चहा-जेवणाचा बंदोबस्त करणे, रिक्षावर कर्णा बांधून गल्लीगल्लीत दवंडी पिटणे, शाळेच्या मुलांच्या प्रभातफेऱ्या काढणे, रांगेतील पोरांच्या हाती शिट्टी किंवा खेळणे ठेवणे, पत्रके व फलक छापविणे, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या बैठकीत बसून गेल्या फेरीत कोणती वस्ती सुटली हे निर्भीडपणे विचारणे. क्लबांतील सभासदांच्या पत्नींची इनर व्हील मंडळे आणि तरुणांचे रोटरॅक्ट यांचाही यात मोठा वाटा होता. रोटरीने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९८९ साली, पण उंबऱ्याच्या आत, जेथे बाळंतीण व तान्हे मूल असते, तेथपर्यंत पोहोचण्याचे काम त्याआधीपासून स्त्रियाच करू शकत होत्या. अमेरिका, इंग्लंड, जपान आदी देशांतून स्वतःच्या खर्चाने आलेले रोटरीचे सभासदही या फेऱ्यांत पिवळी जाकिटे घालून गल्लीबोळांतून हिंडत. पाहुणा परदेशातून आपल्या मुलासाठी आला आहे, एवढ्याने काही दारे उघडली हे खरे आहे, आणि ते मान्य करावयास संकोच नको.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जो संबंध आहे तो मुंबईच्या परळ भागातील एका आवारापाशी येऊन पोहोचतो. हाफकिन संस्थेच्या या आवारातील हाफकिन बायो-फार्मास्युटिकल या शासकीय मंडळाने देशाच्या मोहिमांसाठी तोंडावाटे द्यावयाच्या लसीच्या असंख्य कुप्या पुरविल्या. तेथेच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र होते, ज्याची गणना पोलिओच्या जागतिक प्रयोगशाळांच्या जाळ्यातील विशेष दर्जाच्या शाळांत होत असे. देशात कोठेही मुलाचा पाय अचानक लुळा पडला की त्याच्या शौचाचे नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेकडे रवाना होत, आणि विषाणूचा वंश तपासून तो कोणत्या जिल्ह्यातून निघाला हे परळच्या शास्त्रज्ञांना सांगता येई. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचेही नमुने नियमाने तपासले जाऊ लागले. या महानगरात रोजगारासाठी येणाऱ्या कुटुंबांबरोबर विषाणू उत्तर प्रदेश व बिहारातून येतो, हे त्यावरून दिसून आले. म्हणूनच रेल्वेस्थानकांवर, बसथांब्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यांवर मुले गाठून लस पाजणाऱ्या तुकड्या उभ्या राहिल्या. जे कुटुंब कोणत्याच गावाच्या यादीत नाही, त्याचे मूल यादीत आणण्याचे हे काम मला या साऱ्या मोहिमेतील सर्वांत न्यायाचे काम वाटते.

सन २००० ची मुदत उलटून गेली आणि २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रोगी नोंदले गेले. त्यातील १,२०० हून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातील होते. त्या वर्षी जगातील बहुसंख्य रोगी आपल्या देशात होते. मुरादाबाद, मेरठ, बिजनोर, अलीगढ या पश्चिम भागातील जिल्ह्यांत रोगाने मुळे धरली होती. तेथील दाट वस्त्या, उघडी गटारे आणि मुलांची सतत बिघडलेली पोटे यांमुळे थेंबांचा गुण उतरत नव्हता, आणि त्यातच नकाराची भर पडली. हे थेंब मुलांना पुढे निपुत्रिक करण्यासाठी आहेत, अशी अफवा मुस्लिम मोहल्ल्यांतून पसरली. या अफवेला निव्वळ अज्ञान म्हणून हिणविणे हे इतिहासाला धरून होणार नाही. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, याच मुलखात सक्तीने नसबंदी झाली होती आणि ती आठवण लोकांच्या मनातून गेली नव्हती. शिवाय ज्या वस्तीत दवाखाना नाही, पाणी नाही, मुलांना जुलाब झाले तर औषध नाही, तेथे सरकार महिन्याच्या महिन्याला येते ते फक्त दोन थेंब घेऊन, तेव्हा लोकांनी हेतूविषयी शंका घेतली यात विपरीत काय? कित्येक गावांनी तर रस्ता व वीज मिळेपर्यंत लस घेणार नाही असे स्पष्ट बजावले.

या संकटातून वाट निघाली ती हुकुमाने नव्हे. युनिसेफने २००१ पासून गावोगावच्या स्त्रियांचे एक जाळे उभारले होते. या स्त्रिया त्याच मोहल्ल्यात राहणाऱ्या, प्रत्येक घरातील गरोदर बाईचे व तान्ह्या मुलाचे नाव आपल्या वहीत लिहून ठेवणाऱ्या होत्या. दीपक कपूर यांच्या अध्यक्षतेखालील रोटरीच्या भारतीय पोलिओप्लस समितीने उत्तर प्रदेशात उलेमांची एक समिती स्थापन केली. मौलवी स्वतः बूथवर येऊन मुलांना थेंब पाजू लागले, मशिदीच्या भोंग्यावरून लसीकरणाच्या दिवसाची घोषणा होऊ लागली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिलिया इस्लामिया येथील अध्यापक आणि विद्यार्थी समजूत घालण्यास पुढे झाले. रोटरीने याच मोहल्ल्यांत मोफत आरोग्यशिबिरे भरविली, जेणेकरून आईला तापाचे औषध, मुलाला खरजेचे मलम आणि त्याच वेळी पोलिओचे थेंब मिळावेत. अविश्वास हा वादविवादाने जात नाही, तो सेवेने व ओळखीने जातो, हे ज्या मंडळींनी प्रत्यक्ष आचरणात आणले त्यांचे ऋण या देशाने विसरू नये.

बिहारातील कोसी नदीच्या खोऱ्यात अडचण वेगळी होती. पात्र बदलणाऱ्या त्या नदीत वर्षातील बराच काळ गावे बेटांसारखी तुटून पडतात. तेथे लसीच्या पेट्या होडीतून, मग डोक्यावरून, चिखल तुडवीत न्याव्या लागल्या, आणि तुकड्यांना मुक्कामासाठी गवताच्या झोपड्या उभाराव्या लागल्या. अखेर उत्तर प्रदेशातील ६६ व बिहारातील ४१ असे १०७ विकासगट निवडण्यात आले, जेथून रोग वारंवार डोके वर काढी, आणि त्या गटांत लसीबरोबर हात धुणे, जुलाबावर क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या, स्तनपान आणि शौचालये यांवरही भर देण्यात आला. ही सुधारणा पंधरा वर्षे आधी झाली असती तर? एका रोगाच्या मागे लागताना बाकीच्या आरोग्याकडे दुर्लक्ष झाले, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि १०७ गटांच्या योजनेने त्याची सत्यता एक प्रकारे मान्यच केली.

जानेवारी २०१० मध्ये दोन प्रकारच्या विषाणूंवर एकदम चालणारी नवी लस हाती आली. २००९ साली भारतात ७४१ रोगी होते; २०१० साली ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात दीड वर्षाच्या एका मुलीचा पाय लुळा पडला, आणि त्यानंतर आजतागायत या देशात मूळच्या पोलिओ-विषाणूने कोणतेही मूल पांगळे झालेले नाही. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी, नवी दिल्लीत रोटरी व भारत सरकार यांनी भरविलेल्या परिषदेत, भारताचे नाव रोगग्रस्त देशांच्या यादीतून वगळल्याची घोषणा झाली, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

या यशाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न टाळून चालणार नाही. लस विकत घेण्याचा, ती साठविण्याचा व वाटण्याचा बहुतेक खर्च भारत सरकारने स्वतः केला. प्रत्येक राष्ट्रीय फेरीत सुमारे २४ लक्ष लसपाजे राबले, आणि त्यांतील बहुसंख्य तुटपुंज्या भत्त्यावर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व स्थानिक स्त्रिया होत्या. रोटरीने पोलिओमुक्त भारत एकटीने घडविला असे जर कोणी म्हणेल तर ते त्या स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. परंतु रोटरी नसती तर १९८५ साली हा प्रश्न जगापुढे मांडला गेला असता काय, आणि २००२ च्या पराभवानंतर देणगीदारांनी हात आखडता घेण्याचे मनात आणले असता त्यांना टिकवून धरणारे कोणी असते काय, याविषयी मला रास्त शंका आहे. २००९ साली बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने रोटरीला एकूण ३५ कोटी ५० लक्ष डॉलर देऊ केले व बदल्यात रोटरीने स्वतः २० कोटी जमवावेत अशी अट घातली, तेव्हा जगातील सुमारे ३४ हजार क्लबांनी ती अट मुदतीपूर्वी पुरी केली. सरकारे बदलतात, मंत्री बदलतात, संघटनांचे अधिकारी बदलतात; क्लबाची सभा मात्र पुढील आठवड्यास भरतेच, आणि तीत पोलिओचा विषय कार्यपत्रिकेवर राहतोच. या मोहिमेस रोटरीने जे दिले त्यात पैशाहून हे सातत्य मोलाचे होते, असा माझा निर्णय आहे.

इतरत्र या मोहिमेची किंमत अधिक जड झाली. नायजेरियाच्या कानो प्रांताने २००३ साली लसीकरण बंद ठेवले आणि विषाणू तेथून पुन्हा अनेक देशांत पसरला. त्याच कानोत २०१३ साली लस पाजणाऱ्या स्त्रियांना गोळ्या घालण्यात आल्या. पाकिस्तानात डिसेंबर २०१२ पासून अशा कित्येक कार्यकर्त्यांचे, मुख्यतः स्त्रियांचे, खून पडले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी इतर स्त्रिया पेट्या घेऊन बाहेर पडल्या. आफ्रिका खंड २५ ऑगस्ट २०२० रोजी मूळच्या पोलिओ-विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. आता तो विषाणू पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत मूळ धरून उरला आहे, आणि जोवर तो तेथे आहे तोवर आपल्याकडील पोलिओ रविवारही बंद करता येणार नाहीत.

शेवटी वाचकांना एक विनंती. या मोहिमेचा जागतिक इतिहास मोठ्या संस्थांच्या अहवालांत लिहिला गेला आहे. गावचा इतिहास मात्र क्लबांच्या इतिवृत्तवह्यांत, प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या जुन्या नोंदपुस्तकांत आणि त्या वेळी दारोदार फिरलेल्या माणसांच्या स्मरणात विखुरला आहे. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि त्या वह्यांना वाळवी लागत आहे. आपल्या गावात १९९५ च्या त्या पहिल्या फेरीत बूथ कोठे होता, पेटी कोणी उचलली, नकार देणाऱ्या घरी कोण कितीदा गेले, हे विचारून लिहून ठेवण्याचे काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो. ते या वर्षीच हाती घ्यावे.